उंबऱ्यावर घेतलेलं नाव

बाबांशी भांडूनच मी मुंबईला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहायला बसलं की माणसं पहिल्या ओळीपासून हात जोडतात. माझे हात त्या दिवशी जोडलेले नव्हते, कमरेवर होते. आमच्या गावच्या दर्ग्याच्या पायरीशी उभी राहून मी आत निजलेल्या बाबांना म्हणाले, "इतके गुरुवार केले, चादर घातली, ऊद-धूप डोळ्यांत जाईस्तोवर बसले. तुम्ही ऐकताय का नुसते पडून आहात, एवढं तरी कळू द्या. आता मी चालले. काम झालं नाही तर तुमच्या पायरीला पुन्हा पाय लावायची नाही." दर्ग्याची देखभाल करणारे मुजावरचाचा बाजूलाच बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भांडून झालं का, बेटी?" मी म्हणाले, "नाही झालं." "मग उरलेलं वाटेत कर," असं म्हणून त्यांनी मूठभर रेवड्या, बाबांचा प्रसाद, माझ्या पदरात टाकल्या. मी गाठ मारली. खाल्ल्या मात्र नाहीत. ज्याच्यावर रुसायचं, त्याच्याच घरचं गोड कसं खायचं?

आता भांडण कशाचं ते ऐका. माझे मालक चाऊस होते. नव्या माणसांना हा शब्द कळायचा नाही म्हणून सांगते. निजामाच्या काळी अरबस्तानातून शिपाईगिरीला आलेली माणसं आमच्या मुलखात गावोगाव होती, तहसिलीच्या खजिन्यावर पहारा करायची, त्यांना आम्ही चाऊस म्हणायचो. हे आपल्या चाचाबरोबर इकडं आले तेव्हा दुधाचे दातही पडले नव्हते. वाढले कळंबला, शिकले ते तिथल्याच पोरांत, आणि मोठेपणी तिथल्याच खजिन्यावर पहाऱ्याला लागले. येरमाळ्याला येडाईची जत्रा भरली की बंदोबस्ताला जायचे आणि येताना माझ्यासाठी बांगड्या आणायचे. मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलायचे. अरबीत फक्त नमाज पढायचे आणि उंटाला शिव्या द्यायचे, असं स्वतःच हसत सांगायचे. उंट कुठं होता कळंबला? पण सांगायचे.

मग पोलीस ॲक्शन झाली, नबाबी गेली, मुलूख हिंदुस्थानात आला. आला ते बरंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चाऊसांना एका जागी गोळा केलं, कमरेचे जंबिये, ते वाकडे खंजीर, काढून घेतले, आणि कोण कुठं जन्मला ते विचारत सुटले. इथं जन्मला तो राहिला. तिकडं जन्मला तो बोटीत. आमच्या ह्यांनी खोटं सांगितलं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा दुसरी सुगीही झाली नव्हती. मी विचारलं, "मग मला पण न्या." तर म्हणाले, "बाई, तू इथली, तू राहा." इथले म्हणाले तो परका, आणि पुढं तिथले म्हणाले ही परकी. एका चुलीवर जेवलेली दोन माणसं, त्यांतला परका कोण हे चुलीला विचारलं असतं तरी कळलं असतं.

हे एडनच्या बंदरात हमालीला लागले. गावी परत यायची त्यांची विनंती इकडून नाकारली गेली. मी तिकडं जावं, तर एडनचा कारभार तेव्हा गोऱ्यांकडं होता, त्यांचा परवाना पाहिजे. परवान्याचे कागद भाईजाननी केले. भाईजान म्हणजे माझे थोरले भाऊ, कपडे शिवायचं काम करायचे. काजीसाहेबांचा निकाहाचा दाखला जोडला. वर्षं गेली. गल्लीतल्या बायका तोंडावर विचारायच्या, "चाऊसानं तिकडं दुसरी केली असंल, न्हाय का गं?" मी म्हणायची, "केली असली तर तिला पण भाकरी थापायला शिकवीन." बोलायची असं, आणि घरात जाऊन तोंडात पदर कोंबायची. शेवटी बोटीवरच्या एका खलाशाकडून निरोप आला की हे तापानं अंथरुणाला खिळलेत, पाणी द्यायलाही जवळ कोणी नाही. आणि त्याच सुमाराला मुंबईचं बोलावणं आलं, बाईनं स्वतः येऊन साहेबापुढं मुलाखत द्यावी.

कचेरीचं नाव मी लिहीत नाही. मोठी दगडी इमारत होती, आत पंखे गरगरत होते आणि माणसं कुजबुजल्यासारखी बोलत होती. भाईजानना बाहेरच बसवलं. आत गोरा साहेब, त्याच्या शेजारी एक आपल्याकडचाच दुभाषी, केस चापून बसवलेला. साहेबापुढं आमच्या ह्यांनी एडनला दिलेली उत्तरं होती. माझी उत्तरं त्यांच्याशी जुळली तर मी बायको, नाही तर कोणीतरी उपटसुंभ. साहेब इंग्रजीत विचारायचा, दुभाषी मला सांगायचा. कानाला काही खूण आहे का? आहे, डाव्या कानाची पाळी चिरलेली आहे. जेवायला काय आवडतं? ज्वारीची भाकरी, दुधात कुस्करून, वर गूळ. साहेबानं भुवया चढवल्या. दुभाषी म्हणाला, "साहेब विचारतात, अरब माणूस भाकरी खातो?" मी म्हणाले, "आमच्यात राहून काय उपाशी मरेल?"

इथपर्यंत ठीक होतं. मग दुभाषी म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांगा." मी म्हणाले, "चाऊस." तो म्हणाला, "ती जात झाली. नाव." मी मान हलवली. आता तुमच्या नाती-सुना नवऱ्याला अंगणातून नावानं हाका मारतात, तुम्हाला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण आमच्या वेळी बाई, हिंदूची असो नाही तर मुसलमानाची, नवऱ्याचं नाव तोंडावर आणायची नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. माझ्या बहिणीनं एकदा भांडणात नाव घेतलं आणि लागलीच तिच्या नवऱ्याला, दुल्हाभाईंना, पटकी झाली. ते वाचले, पण अम्मानं स्वतः कबरीत जाईपर्यंत बहिणीला ते ऐकवलं. आणि माझा माणूस तर तिकडं तापानं पडलेला. त्याचं उरलंसुरलं आयुष्य मी एका शिक्क्यासाठी कमी करू? मी म्हणाले, "नाव तुमच्या कागदावर आहे. बाहेर माझा भाऊ बसलाय, त्याला विचारा. आमच्या काजीसाहेबांना तार करा."

"साहेबांना तुमच्याच तोंडून पाहिजे, बाई."

"माझ्या तोंडून निघत नाही."

"का निघत नाही?"

"निघत नाही म्हणजे निघत नाही."

दुभाष्यानं साहेबाला काय सांगितलं कोण जाणे. साहेबानं पेन खाली ठेवलं, खुर्चीला रेलला आणि सावकाश काहीतरी बोलला. दुभाष्याची मान खाली गेली. तो अडखळत म्हणाला, "साहेब म्हणतात... अशा शिपायांची गावोगाव ओळख असायची बायकांशी... तर तुम्ही..." पुढचा शब्द त्यानं गिळला. पण बाईला तो शब्द ऐकावा लागत नाही, समोरच्याच्या तोंडावर दिसतो. मी उठले. खुर्ची मागं आपटली. म्हणाले, "माझा निकाह भरल्या मांडवात झालाय, अख्ख्या मोहल्ल्यानं बिर्याणी खाल्लीय! तुमच्या साहेबाला सांगा, ज्या बाईला नाव घ्यायची लाज वाटते ती बायकोच असते. दुसरीला कसली लाज?" हे त्यानं इंग्रजीत सांगितलं नाही, मला खात्री आहे. साहेबानं घड्याळाकडं बोट दाखवलं. जेवणानंतर पुन्हा बोलावणार, तेव्हा नाव सांगायचं, नाही तर कागद परत.

बाहेर व्हरांड्यात बाक होतं, तिथं येऊन मी बसले. भाईजाननी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, सांगून टाक की! इथं कोण ऐकतंय?"

"तिकडं ते तापानं फणफणलेत आणि मी इथं नाव घेऊ?"

"आणि नाही घेतलंस तर इथंच राहशील. मग त्यांचं आयुष्य वाढून तुला काय मिळणार, आणि त्यांना तरी काय?"

भाईजान पाणी आणायला गेले आणि मी राहिलेलं भांडण काढलं. वर बघत, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "बघा बाबा, बघा तुमचा कारभार! लई झालं आता!"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर रिकामी पिशवी. ती एकदम वळली. "कुठली गं तू?"

"उस्मानाबादची."

"आगं, धाराशिवची म्हण की! म्या बेंबळीची!" म्हणत ती सरकत सरकत माझ्याजवळ आली. बेंबळी म्हणजे आमच्या गावाहून सकाळी निघावं आणि भाकरीच्या वेळेला पोचावं एवढ्यावर. तिचं नाव चंद्राबाई. मी विचारलं, "मावशी, तुम्ही इथं कशा? कोण तुमचं परदेशात?"

"कोन न्हाय गं बाई. म्हाताऱ्याच्या डोळ्याचं आपरेशन झालंय, त्याला घेऊन आलोय आमी. केळी आनाय भाईर पडले, अन् परत येताना ह्या इमारतीत शिरले. मेल्यांनी सगळ्या इमारती एकासारख्या एक बांधल्यात. हितं बाक हाय, पंखा हाय, पर एकबी मानूस कन्हंना. तवा कळलं, आपुन चुकलो. मग म्हनलं, आलोच हाय तर टेकावं घडीभर."

अशा माणसाला काय आणि का सांगावं? पण बोली ओळखीची होती. मी सगळं सांगितलं. तापाचं, नावाचं, साहेबाच्या त्या न बोललेल्या शब्दाचं सुद्धा. ती ऐकता ऐकता लाल झाली. "त्या टिकोजीरावाला आई-भनी हायत का न्हाय?" एवढं म्हणून ती थोडी थांबली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "पर म्या काय म्हनते, तुझं लगीन झालं तवा नंदांनी दार आडवलं व्हतं का?"

"अडवलं होतं की. मिठाई घेतल्याशिवाय सोडलं नाही."

"आमच्यात नाव घेतल्याबिगर सोडत न्हायत. उंबऱ्यावर घेतल्यालं नाव बाधत न्हाय गं, ते संसाराला लागतं. तू कुठं निगालीस? नवऱ्याच्या घरी. मग ह्यो उंबरा तुझ्याच सासरचा. अन् आत गळ्यात पट्टा बांधून बसलाय त्यो सायेब, ती तुझी नणंद समज."

किती दिवसांनी हसले मी! डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू, असं झालं. तरी भीती जाईना. म्हणाले, "मावशी, आणि आयुष्य घटलं तर?"

ती फटकन म्हणाली, "मानसाचं आयुष्य काय बायकूच्या जिभंवर ठिवलंय व्हय देवानं? एवढा येडा न्हाय त्यो."

इतकी वर्षं मी दर्ग्यात डोकं टेकवत होते, पण ह्यांचं आयुष्य मी बाबांच्या हाती दिलंच नव्हतं, हे मला त्या बाकावर कळलं. मागत होते बाबांकडं आणि राखत होते मी स्वतः, जिभेखाली दाबून. नाव घेतलं नाही म्हणून ते जगतील, मी सांभाळलं म्हणून ते टिकतील. मोठी राखणदार मी! खजिन्यावर पहारा ते द्यायचे आणि त्यांच्यावर मी.

बोलावणं आलं. मावशी माझ्या आधी उठली. पट्टेवाल्यानं हात आडवा केला, "तुम्ही कोण, बाई?" ती म्हणाली, "हिची मावशी. सर तिकडं." दारापाशी पोचलो. साहेब आत टेबलामागं, दुभाषी उभा. मी आत पाऊल टाकणार, तोच मावशीनं दंड धरला. "थांब. उंबऱ्याच्या ह्या बाजूनंच घ्यायचं. अन् रिकाम्या तोंडानं घिऊ न्हाय, गोड पायजे कायतरी. केळी बी घ्यायची राहिली माझी..." तिची नजर बुरख्यातून बाहेर आलेल्या माझ्या पदराच्या गाठीवर गेली. "हे काय बांधलंस?"

मी विसरूनच गेले होते. बाबांच्या रेवड्या. माझ्या रागानं घरापासून इथपर्यंत जशाच्या तशा आणलेल्या.

तिनं स्वतःच्या हातानं गाठ सोडली आणि एक रेवडी माझ्या तोंडात घातली. तीळ दातांखाली आले. ती लेकीला बोलावं तसं म्हणाली, "घे आता नाव." मी मनात म्हणाले, बाबा, भांडण बाजूला ठेवते. त्यांचं आयुष्य तुमच्याकडं, नाव माझ्याकडं. आणि दाराबाहेर उभी राहून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सालेह. सालेह बिन उमर."

"टाक पाय आत," मावशी म्हणाली. "उजवा."

साहेब चक्रावून दुभाष्याकडं बघत होता. दुभाषी बराच वेळ इंग्रजीत बोलला. एकदा दाराच्या चौकटीकडं हात केला, एकदा माझ्या तोंडाकडं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, साहेब विचारतात, मग सकाळी का नाही सांगितलं?" त्या दिवसात पहिल्यांदा मी बाईची ताई झाले होते. मी म्हणाले, "सकाळी चोराला विचारावं तसं विचारलं. आणि आत्ताही त्यांच्यासाठी घेतलेलं नाही, एवढं सांगा." हे मात्र त्यानं सांगितलं असावं, कारण साहेबाचे कान लाल झाले. शिक्का बसला. माफी कोणी मागितली नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे आणि मी तो काढूनही टाकलेला नाही. बाबांना ठाऊक आहे. देवाच्या मर्जीवर सोडायचं ते आपलं माणूस, आपली भीती. लोकांनी केलेला अपमान गोड मानून घ्या, असं मला कुठल्याही पीरानं सांगितलेलं नाही.

दवाखाना शेजारच्याच रस्त्यावर होता. भाईजान मावशीला पोचवून आले. तिच्या म्हाताऱ्यानं डोळ्यांवर पट्टी असतानाच विचारलं म्हणे, "केळी कुठायत?" कोणी म्हणेल, नवं माणूस मुंबईत चुकतंच. चुकतंच की. मी वाद घालत नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात एक बेंबळीची बाई केळी आणायला निघते, आणि माझ्याच बाकावर येऊन टेकते, आणि मला बाबांनी दिलेलं गोड माझ्याच पदरातून काढून भरवते, ह्याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मी काय म्हणते ते माझ्याजवळ आहे.

एडनला बोट लागली तेव्हा ऊन असं की डोळे उघडवेनात. धक्क्यावर माणसांचा समुद्र, आणि आम्ही उतरणाऱ्या बायका सगळ्या काळ्या बुरख्यातल्या. मला ते दिसले. वाळून काठी झालेले, उभं राहायला खांब धरलेला, पण उभे. प्रत्येक बुरख्याकडं बघत होते आणि माझ्यावरून नजर पुढं जात होती. ते ओळखणार कसे? मी एकदाच "ओ चाऊस" म्हणाले, तर तिथं सगळेच चाऊस, सात-आठ माणसं वळली. तेव्हा मी तोंड वर केलं आणि मारली हाक, "सालेह!" ते वळले. माझ्या तोंडून आपलं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, तरी वळले, आणि आवाजाच्या दिशेनं सरळ चालत आले. जवळ येऊन पहिलं वाक्य काय म्हणाले? "मला मारायला आलीस का काय गं?"

मारलं नाही मी त्यांना. दूध-भाकरीवर उभं केलं, ज्वारी इकडून नेली होती. पुढं तिकडंही गोळ्या चालायला लागल्या, तेव्हा आम्ही माघारी यायला निघालो. आता हिंदुस्थानच्या कचेरीत हे माझे परके नवरे म्हणून उभे. त्यांना बायकोचं नाव विचारलं, त्यांनी एका दमात सांगितलं. पुरुषांना काय!

गावात आल्यावर आधी दर्ग्यावर गेले. मुजावरचाचा फार थकले होते, पण ओळखलं. "भांडण झालं का, बेटी?" म्हणाले. मी पायरीवर कपाळ टेकलं, बराच वेळ टेकलेलंच ठेवलं. मग म्हणाले, "बाबांशी झालं. बाकीच्यांशी उरलंय." ते हसले आणि पुन्हा रेवड्या दिल्या. ह्या वेळी तिथंच उभी राहून खाल्ल्या.

त्यानंतर मी ह्यांना रोज नावानं हाक मारली. गल्लीनं कानांवर हात ठेवले, अम्मानं तोंड फिरवलं. आणि सालेह दाढी पांढरीशुभ्र होऊन, नातवंडं खांद्यावर खेळवून मग गेले. शेवटी शेवटी कानानं अधू झालेत असं सगळ्यांना वाटायचं. मला माहीत आहे, कान चांगले होते. पहिल्या हाकेला मुद्दाम वळायचे नाहीत. दुसऱ्यांदा नाव घ्यावं लागायचं.